आधी झाडे, मग नकाशा

रत्नागिरीत घरबांधणीसाठी घेतलेला भूखंड पुष्कळदा जुन्या हापूसच्या बागेचा तुकडा असतो, त्यामुळे नगर परिषदेकडे बांधकाम परवानगीचा अर्ज करण्यापूर्वीच तेथील झाडांची पाहणी, म्हणजे प्रत्येक झाडाची जात, घेर, उंची, प्रकृती आणि जागा यांची नोंद, करून घेणे शहाणपणाचे ठरते. नागरी क्षेत्रांतील वृक्षतोडीला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याचे बंधन घातले, म्हणून वयाचा अंदाज हा या पाहणीतला कळीचा, आणि अर्थातच वादाचाही, मुद्दा झाला आहे. हा अंदाज ज्यावरून बांधतात तो घेर सहसा छातीच्या उंचीवर मोजतात. पण हापूसचे कलम त्याखालीच फांद्यांत विभागलेले असेल, तर फीत बेचक्याच्या खाली, बुंध्याभोवती गुंडाळावी लागते. जांभ्याच्या भेगांतून मुळे कुठवर गेली आहेत हे मात्र वरून कळत नाही, आणि पायाचा चर बुंध्याला लागून खणला गेला तर राखलेले झाडही काही वर्षांत वाळू शकते; यासाठी निदान फांद्यांच्या घेराइतकी जागा खोदकामातून वगळून नकाशावर आधीच आखणे इष्ट असते.