मोटारीचे ब्रेक घरी बदलताना

मोटार पाहिली की आपण पहिला प्रश्न विचारतो तो हा की, ही पळते किती? ती थांबते कशी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आज त्या दुसऱ्या प्रश्नाचा थोडा विचार करू.

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या आपली नवी, ताकदीची मोटार घेऊन केळव्याला आला. ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून कर्कश आवाज येई. "काका, पॅड झिजलेत. अंगणातच बदलू या," तो म्हणाला. मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. म्हटलं, चल, बघू या.

आता हे झिजणे म्हणजे काय, ते पाहा. चाकाबरोबर बिडाची एक चकती फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात. या चिमट्याचे नाव कॅलिपर. धावत्या मोटारीतील ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणाने तिची उष्णता होते. एक टन वजनाची मोटार ताशी 60 किलोमीटर वेगावरून एकदा थांबली, तर सुमारे अर्धा लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता निर्माण होते. वेग 120 असेल तर? दुप्पट नव्हे, चौपट! म्हणजे जवळजवळ दोन लिटर. गुरुजींनी हे उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्यावे.

पूर्वी मोटारींना बंद डब्यासारखे ड्रम ब्रेक असत. त्यांत उष्णता कोंडून राही. डिस्क उघडी असल्यामुळे तिला वारा लागतो. इंग्लंडच्या लँचेस्टर यांनी 1902 साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण तिचा बोलबाला झाला तो 1953 साली, फ्रान्समधील ल माँ येथील 24 तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली तेव्हा.

आता प्रत्यक्ष काम. मोटार सपाट, टणक जागी उभी करा. वाडीतल्या भुसभुशीत मातीत जॅक खचतो. मागच्या चाकांना दगडांची उटी लावा. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग मोटार उचला आणि खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका. कॅलिपर सोडवला की तो तारेने टांगून ठेवा. रबरी नळीला लोंबकळू देऊ नका. पॅडवरचा घर्षणाचा थर सुमारे 3 मिलिमीटर उरला की पॅड बदलावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. ती त्याहून पातळ झाली असेल तर तीही बदला. धूळ तोंडाने फुंकू नका. पॅडला आणि डिस्कला तेलाचा हातही लागता कामा नये.

आमच्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात. मग एक पॅड लवकर झिजतो, दुसरा तसाच राहतो. म्हणून पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठी मिळते तेच ग्रीस लावा. पॅड नेहमी दोन्ही बाजूंच्या चाकांचे एकदम बदला.

नवा पॅड जाड असतो. तो बसावा म्हणून कॅलिपरमधला दट्ट्या हळूहळू मागे ढकलावा लागतो. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या डबीकडे लक्ष ठेवा. ते वर चढते, आणि सांडले तर रंग खाते.

हे सारे आम्ही नीट केले. चाके बसवली, नट समोरासमोरचे आवळले. पुतण्या मोटारीत बसला आणि ती मागे घेऊ लागला. ब्रेक दाबला, तर पेडल थेट तळाला! मागे ढकललेला दट्ट्या अजून पॅडपर्यंत पोहोचलाच नव्हता. मोटार माडाच्या बुंध्याला टेकून थांबली. बंपरच काय तो चेपला. पण त्याच माडाखाली घटकेपूर्वी शेजारची मुले गोट्या खेळत होती. आठवले की अजून अंगावर काटा येतो.

म्हणून, मंडळी, एवढे तरी ध्यानात ठेवा. मोटार जागची हलवण्यापूर्वी पेडल पुनःपुन्हा दाबा, ते घट्ट लागेपर्यंत. मग ऑइलची पातळी बघा. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर 50 च्या वेगावरून 10 पर्यंत हळूहळू ब्रेक लावा, असे आठ-दहा वेळा. मध्ये थोडे थंड होऊ द्या. नवा पॅड डिस्कशी असाच जुळतो. तोवर मनोरच्या हमरस्त्याला लागू नका.

आणि पेडल मऊच राहिले, कुठे ऑइल गळताना दिसले, किंवा मागच्या चाकांना विजेवर चालणारा हँडब्रेक असेल, तर हट्ट सोडा आणि कारागिराकडे जा. आपल्या हाताने काम करण्यात आनंद आहे. पण आपला हात कुठे थांबवावा हे कळणे, हाही एक ब्रेकच आहे.