भाणार, गुंड आणि बंद डबा

रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याचा कलचुरी संवत् ८६६, म्हणजे इ. स. १११४ चा शिलालेख संशोधकांस परिचित आहे. जाजल्लदेवास करभार देणाऱ्या मांडलिकांच्या मुलखांचीं जीं नांवें त्यांत आलीं आहेत, त्यांत वैरागर व लांजिका यांच्या जोडीस भाणार हें नांव आहे. वैरागर म्हणजे वैरागड, लांजिका म्हणजे लांजी आणि भाणार म्हणजे आमचें भंडारा. या नांवाची व्युत्पत्ति भाण्डागार शब्दापासून लावण्याचा मोह पुष्कळांस होतो. आम्हांस ती पटत नाहीं, कारण लेखांतील नांवांत डकार नाहीं. हेमचंद्रानें आपल्या प्राकृत व्याकरणांत भाजन शब्दांतील जकाराचा स्वरासह विकल्पानें लोप सांगितला असून भाण असें रूप दिलें आहे; मराठींतील भाणें तें हेंच. तेव्हां भांड्यांचा गांव हा अर्थ कायम राहतो, मात्र तो भाण्डावरून न येतां भाजनावरून येतो. एवढ्यावरून १११४ सालीं येथें पितळेचीं दुकानें होतीं असें कोणीं समजूं नये. नांवावरून धंदा सिद्ध करण्याची खोड आम्हां मंडळींत फार आहे.

अलीकडच्या काळांत मात्र भंडारा पितळेच्या भांड्यांसाठीं प्रसिद्ध झालें, हें निर्विवाद होय. प्रस्तुत लेखाचा विषय त्या भांड्याचा एकच अवयव आहे, तो म्हणजे सांधा. भांडें दोन तुकड्यांचें झालें कीं ते तुकडे एकमेकांस धरतात कसे आणि त्यांतून पाणी व वारा अडतो कसा, या प्रश्नाचें कासारानें एक उत्तर दिलें व यंत्रानें दुसरें.

प्रश्न जुनाच आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत त्यास संधिबंधन अशी स्वतंत्र संज्ञाच आहे. दोन शराव तोंडास तोंड लावून ठेवावयाचे, सांध्यावर मातीनें माखलेली चिंधी गुंडाळावयाची, ती वाळली कीं संपुट अग्नींत द्यावयाचें. हा सांधा एका भट्टीपुरता. काम झालें कीं तो फोडावयाचा. काशीहून येणाऱ्या गंगेच्या तांब्याचें तोंड डाक देऊन बंद केलेलें असे, तें मात्र वर्षानुवर्षें टिके.

झाडीपट्टींत पाण्याच्या मोठ्या पितळी भांड्यास गुंड म्हणतात. हातघडणीच्या जुन्या गुंडाच्या पोटावरून बोट फिरवावें, म्हणजे मध्यभागीं एक दातेरी रेघ लागते. वरचा व खालचा भाग निरनिराळा ठोकून, एकाच्या कडेस दाते कापून, ते दुसऱ्याच्या कडेवर एक आंत एक बाहेर असे बसवीत. त्यावर टांकणखार (संस्कृतांतील टंकण तो हाच) आणि ज्यांत जस्त अधिक आहे अशा पितळेचा कीस घालून भांडें तापवीत. जस्त जितकें अधिक तितकें पितळ कमी उष्णतेंत वितळतें. म्हणून कीस वितळून दात्यांत शिरे, परंतु भांडें जसेंच्या तसें राही. हें तत्त्व कासारानें कोणत्याही पुस्तकांत वाचलेलें नव्हतें.

आतां युरोपाकडे वळूं. निकोला अपेर या फ्रेंच गृहस्थानें काचेच्या बाटल्यांत अन्न बंद करून उकळून टिकविण्याची रीत १८१० सालीं प्रसिद्ध केली. त्याच सालीं इंग्लंडांत पीटर ड्युरँड यानें कथिलाच्या डब्याचें पेटंट घेतलें आणि १८१३ पासून ब्रायन डाँकिन व त्याचे भागीदार लंडनच्या बर्मंडसी भागांतील कारखान्यांतून असे डबे विकूं लागले. डबा म्हणजे कथिलाची कल्हई दिलेला लोखंडी पत्रा. त्याचे सर्व सांधे डाकाचे, आणि काम सर्व हातचें. आमचा कासार त्या दुकानांत जाऊन बसता तर आठ दिवसांत त्यांच्या बरोबरीनें डबे करूं लागता.

खरें अंतर पडलें तें झांकणाच्या सांध्यांत. १९०४ सालीं अमेरिकेंत सॅनिटरी कॅन कंपनी स्थापन झाली व डाकाशिवाय झांकण बसविण्याची रीत पसरूं लागली. या सीमिंग यंत्राचें काम पाहण्यासारखें आहे. डब्याच्या अंगाची कड आधीं बाहेर वळविलेली असते, झांकणाची कड आंत मुडपलेली असते, आणि त्या मुडपींत रबरासारख्या द्रव्याचा पातळ थर दिलेला असतो. डबा खालून उचलून वरच्या चकावर दाबला जातो. मग पहिला रूळ झांकणाची कड अंगाच्या कडेखालीं घालून दोन्ही एकमेकींत अडकवितो, व दुसरा रूळ ती घडी दाबून सपाट करतो. राहिलेली बारीक फट रबर भरून काढतें. आम्हीं एका रिकाम्या डब्याची कड करवतीनें आडवी कापून भिंगाखालीं पाहिली. पत्र्याचे पांच थर मोजतां आले: तीन झांकणाचे, दोन अंगाचे. गुंडाच्या दात्यांत जी एकमेकांस धरण्याची कल्पना आहे तीच येथें आहे. फक्त अग्नि गेला आणि दाब आला.

अंगाचा उभा सांधा मात्र पुष्कळ वर्षें डाकाचाच राहिला. त्या डाकांत शिसें असे आणि तें अन्नांत उतरे. म्हणून अमेरिकेनें १९९५ सालीं अन्नाच्या डब्यांस शिशाचा डाक बंद केला. आतां तो सांधा विजेनें जोडतात. त्यांत एक गंमत आहे. वीज देणाऱ्या तांब्याच्या चाकास पत्र्यावरचें कथील चिकटतें व चाक बिघडतें. यास्तव चाक आणि पत्रा यांच्यामधून तांब्याची तार सारखी पुढें सरकत ठेवितात. कथील तारेस चिकटून निघून जातें. तांब्यापितळेस कथील चिकटतें या एका गुणावर आमच्या कल्हईवाल्यांच्या पिढ्या जगल्या. यंत्रास तोच गुण अडचण झाला.

हिंदुस्थानांत मेटल बॉक्स कंपनी १९३३ सालीं कलकत्त्यास स्थापन झाली. आमच्या घरांत डबा आला तो मात्र रॉकेलचा. रिकामा झाल्यावर वरचा पत्रा कापून, आडवी दांडी ठोकून, त्यानें विहिरीचें पाणी भरीत. तो गुंडापेक्षां हलका असे, व गळूं लागला तर कोणी हळहळत नसे.

पितळेची गोष्ट निराळी. पितळ फुकट जात नाहीं. जुनें भांडें मोडींत घालून नवें घेतां येतें. १९८६ सालीं आमच्या घरचा गुंड असाच मोडींत जाऊन स्टीलचीं भांडीं आलीं. त्याच्या गळ्यावर आमच्या आजीचें नांव व शक कोरलेला होता. त्या वर्षीं आम्ही वर्गांत जाजल्लदेवाचा शिलालेख शिकवीत होतों, आणि घरांतील लेखाची नक्कल करून घेण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. तो शक कोणता होता हें आज घरांत कोणासही आठवत नाहीं.

भंडाऱ्याच्या आसपासच्या गांवांत असे गुंड अद्याप माळ्यावर असतील. ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं तीन गोष्टी लिहून मंडळाकडे धाडाव्या: गळ्यावरील नांव व शक अक्षरशः, सांधा पोटावर आहे कीं बुडाशीं, आणि दाते आहेत किंवा नाहींत. दाते मोजतां आले तर तेही मोजावे.