हँडलवरचा गोंधळलेला मीटर

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका गेल्या दिवाळीत विजेची सायकल घेऊन आले. जुन्या गिअरच्या सायकलवरचा बिनतारी मीटर त्यांनी हौसेनं नव्या सायकलच्या हँडलवर चढवला. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. म्हणाले, "अरे, जरा बघ हे. सिग्नल सुटला, मोटरनं नुसती ओढ घेतली, आणि हा म्हणतो ताशी ६८ किलोमीटर! या वयात?"

काकांचा मीटर बिघडलेला नव्हता. त्याला खोटं ऐकू येत होतं, एवढंच. जुन्या स्वस्त बिनतारी मीटरचं काम अगदी साधं असतं. चाकाच्या एका स्पोकला चुंबक आणि फोर्कला सेन्सर. चुंबक सेन्सरसमोरून गेला की सेन्सर एक क्षीण ठोका हवेत सोडतो. मीटर ते ठोके मोजतो, टायरच्या परिघानं गुणतो आणि वेग दाखवतो. या ठोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव नसतं. इकडे विजेच्या सायकलचा कंट्रोलर मोटरला जाणारा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत असतो. घरात मिक्सर लावला की मीडियम वेव्हवर जी खरखर येते, तीच जात ही. मीटरला प्रत्येक खरखर चाकाचा फेरा वाटते.

यावर उपाय तीन. मीटर आणि सेन्सर मोटरपासून, कंट्रोलरपासून, जाड तारांपासून शक्य तेवढे दूर न्यायचे. मोटर मागच्या चाकात असेल तर सेन्सर पुढच्या फोर्कला बसवायचा. नाहीतर सरळ तारेचा मीटर घ्यायचा, तो स्वस्तही असतो. तिसरा उपाय नव्या पद्धतीच्या डिजिटल सेन्सरचा. या सेन्सरना स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे मीटर आपला सेन्सर ओळखतो आणि बाकीचा गोंगाट सोडून देतो.

या डिजिटल सेन्सरच्या दोन भाषा आहेत, आणि खरेदीला जाण्याआधी त्या माहीत असलेल्या बऱ्या. एक ब्लूटूथ आणि दुसरी एएनटी प्लस. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, पण स्वभाव वेगळे. ब्लूटूथचं वागणं टेलिफोनसारखं: सेन्सर आणि मोबाइल एकमेकांशी जोडले गेले की बोलणं त्या दोघांत. म्हणूनच कित्येक जुने ब्लूटूथ सेन्सर मोबाइलला जोडलेले असले की मीटरला सापडतच नाहीत. एएनटी प्लसचं वागणं मात्र आपल्या आकाशवाणीसारखं. सेन्सर सेकंदाला साधारण चार वेळा आपली माहिती प्रसारित करतो. ऐकणारे एक असोत की दहा, त्याला फरक पडत नाही. ही पद्धत कॅनडातल्या डायनास्ट्रीम नावाच्या कंपनीनं काढली आणि २००६ साली गार्मिननं ती कंपनीच विकत घेतली.

एक बारीक गोष्ट. चाकाच्या हबभोवती रबरी पट्ट्यानं बांधायचा सेन्सर हल्ली लोकप्रिय आहे. तो मोटर असलेल्या चाकाला लावू नका. हब मोटरचं पोट मोठं, पट्टा पुरत नाही. शिवाय यातले काही सेन्सर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून फेरे ओळखतात, आणि मोटरच्या पोटात तर चुंबकच भरलेले. दुसरं चाक मोकळं आहे, तिथे बांधा.

आता तुम्ही म्हणाल, वेग तर सायकलच्या स्वतःच्या डिस्प्लेवर दिसतोच, मग वेगळा मीटर कशाला? बरोबर आहे. पण नकाशा, नाडीचे ठोके, चढ, वेग आणि बॅटरी हे सगळं एकाच पडद्यावर दिसावं अशी लांब पल्ला मारणाऱ्याची इच्छा असते. बॅटरी किती उरली आणि मोटर किती मदत करतेय हे बाहेरचा कुठलाही सेन्सर सांगू शकत नाही. ते फक्त सायकलला ठाऊक असतं, आणि सायकलनं ते सांगायला हवं.

त्यासाठी एएनटी प्लसमध्ये हलक्या विद्युत वाहनांसाठी खास ठरवलेला मसुदा आहे, एलईव्ही नावाचा. कुठल्या क्रमानं काय सांगायचं हे त्यात पक्कं आहे: वेग, एकूण अंतर, बॅटरीची टक्केवारी, उरलेल्या अंतराचा अंदाज, मदतीची पातळी, गिअर, बिघाडाचा इशारा. शिमानोच्या स्टेप्स मोटरच्या कित्येक सायकली ही भाषा बोलतात आणि गार्मिनच्या एज मालिकेतल्या अनेक मीटरना ती कळते. जोडणी सोपी आहे. सायकल चालू करायची, मीटरच्या सेन्सरच्या यादीत ई-बाइक निवडायची आणि शोध घ्यायला सांगायचं. सायकल बंद असेल तर ती सापडणार नाही. ही चूक सगळेच करतात. दुसरी चूक म्हणजे चार विजेच्या सायकली उभ्या असताना जोडणी करणं. मग शेजाऱ्याची बॅटरी आपल्या मीटरवर दिसते आणि आपण खूश होऊन निघतो. पहिली जोडणी घरी, एकट्या सायकलची करावी.

उरलेल्या अंतराच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. नुकतंच ज्या रस्त्यानं आलात आणि जेवढी मदत घेतलीत, त्यावरून बांधलेला तो अंदाज असतो. खडकवासल्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर भरभरून दिसणारा आकडा सिंहगडाचा घाट लागला की भराभर घसरतो. आपल्या पायांची ताकद मोजणारी पेडलं लावली असतील तर ती मोटरचं काम धरत नाहीत, हेही लक्षात असू द्या. आणि स्ट्राव्हावर फेरी चढवताना ती ई-बाइक म्हणून नोंदवा. तिथे त्यासाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. घाट घामानं चढणाऱ्यांवर अन्याय नको.

सायकल बोलते हे झालं. तिला बाहेरून हुकूम देता येतो का? एलईव्हीच्या मसुद्यात मदतीची पातळी बदलण्याची, दिवे लावण्याची सोय आहे. तरी कंपन्या इथे हात आखडता घेतात, आणि काही अंशी ते रास्त आहे. युरोपात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत मदत करणाऱ्या सायकलला सायकल मानतात. आपल्याकडेही केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटर पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५पेक्षा कमी आणि बॅटरीखेरीज वजन ६० किलोपर्यंत असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत. बाहेरचा कुणीही मोटरला हुकूम सोडू लागला तर ही मर्यादा राहणार कशी?

पण कुलूप घालायची सवय लागली की ती मोटरपाशी थांबत नाही. अॅमस्टरडॅमच्या व्हॅनमूफ कंपनीच्या सायकलींचा बराचसा कारभार मोबाइलमधल्या अॅपवर चाले, आणि त्यासाठीची डिजिटल किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येई. जुलै २०२३मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. हजारो रुपये नव्हे, हजारो युरो मोजलेले मालक सर्व्हर कधी बंद पडतो या धास्तीत होते. शेवटी काउबॉय या बेल्जियमच्या प्रतिस्पर्धी कंपनीनं घाईघाईनं एक अॅप काढलं, त्यातून मालकांना आपापली किल्ली उतरवून ठेवता आली. ऑगस्टअखेर व्हॅनमूफला नवा मालक मिळाला, पण ते सहा आठवडे ज्यांनी काढले त्यांना विचारा.

खुली भाषाही अमर नसते म्हणा. गार्मिननं ३० जून २०२५ रोजी एएनटी प्लसचं सभासदत्व आणि प्रमाणपत्र देणं बंद केलं. बिनतारी उपकरणांच्या सुरक्षेचे युरोपातले नवे नियम १ ऑगस्ट २०२५पासून लागू झाले, आणि कुणीही ऐकावं असं खुलं प्रसारण त्यांत बसवणं अवघड. तुमच्याकडचे सेन्सर त्यामुळे बंद पडणार नाहीत. पण नवा मीटर किंवा नवी सायकल घेताना दुकानदाराला 'ब्लूटूथ आहे का' एवढंच विचारून भागणार नाही, कारण ब्लूटूथ सगळ्यांतच असतं. 'माझ्या मीटरवर या सायकलची बॅटरी दिसेल का, दाखवा' असं म्हणा, आणि दुकानातच जोडून घ्या.

आता जोडणीचा तो प्रकार, ज्यात पैसे आणि कधी कधी सायकलही जळते: वीज घेणं. दिवा, भोंगा, मोबाइलचा चार्जर यांना वीज हवी आणि खाली एवढी मोठी बॅटरी दिसते, मग हात शिवशिवतात. चाकातल्या डायनमोवर चालणारे दिवे ६ व्होल्टचे असतात. विजेच्या सायकलींत दिव्यासाठी वेगळी तार असते, पण कुठे ती ६ व्होल्टची, कुठे १२ची. ६चा दिवा १२ला जोडला तर पहिल्याच रात्री गेला. आणि थेट बॅटरीला जोडला तर विचारूच नका, कारण ३६ व्होल्टची म्हणून विकलेली बॅटरी पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्टला असते, ४८ची ५४.६ला.

काही हुशार मंडळी बॅटरी उघडून मधल्याच काही सेलवरून १२ व्होल्ट काढतात. हे कधीही करू नका. दहा सेल एका ओळीत असताना तिघांनाच जास्त राबवलं की ते आधी रिकामे होतात, सगळ्या बॅटरीचा तोल जातो, आणि बिघडलेल्या लिथियमच्या सेलला आग लागू शकते. दिव्याची तार असेल तर तीच वापरा, तिच्यावर लिहिलेल्या मर्यादेत. नसेल तर त्या व्होल्टेजसाठीच बनवलेला कन्व्हर्टर, बॅटरीच्या बाजूला फ्यूज, आणि काम जाणत्या माणसाकडून.

सुट्या मोटर-किटमध्ये गोल रंगीत कनेक्टर असतात. त्यांवरचे बाण समोरासमोर धरून सरळ दाबायचे. पिळलं की आतली पिन वाकते. कनेक्टर नीट बसला म्हणजे जोडणी बरोबर, असंही समजू नका. दोन कंपन्यांचे कनेक्टर सारखे दिसतात, पण आतल्या पिनांची मांडणी निराळी असू शकते. आधी मीटर लावून व्होल्टेज बघावं, मग दिवा.

काकांनी शेवटी तारेचा मीटर बसवला. तीन दिवसांनी पुन्हा खालून हाक. आता ६८ वगैरे दिसत नव्हतं, पण ४० किलोमीटरच्या फेरीला हा मीटर जवळजवळ २ किलोमीटर कमी दाखवत होता. मी मीटरचं बटण दाबून परीघ बघितला, तर २०५० मिलिमीटर. जुन्या सायकलच्या २६ इंची टायरचा आकडा, पाठ होता म्हणून त्यांनी तोच घातलेला. नव्या सायकलचं टायर साडेसत्तावीस इंची. आम्ही जमिनीवर खडूची रेघ मारली, टायरवर खूण केली, काकांना सायकलवर बसवून एक फेरा पुढे नेलं आणि टेपनं मोजलं. २१४८ भरले.