विश्लेषण : तेलसंपन्न नायजेरियात पेट्रोल पाचपट का महागले? नायरा, अनुदान आणि नव्या रिफायनरीचे गणित

आफ्रिकेतील आघाडीचा तेल उत्पादक देश अशी नायजेरियाची ओळख आहे. मात्र हाच देश अनेक दशके स्वतःच्या गाड्यांसाठी लागणारे पेट्रोल परदेशातून विकत आणत होता. मे २०२३ मध्ये तेथील सरकारने पेट्रोलवरील अनुदान बंद केले आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांत चलनाचा दर बाजारावर सोडला. दीड वर्षात पेट्रोल पाचपट महागले, तर डॉलरच्या तुलनेत नायराची किंमत एक तृतीयांशापेक्षाही खाली आली. दुसरीकडे लागोसजवळ आफ्रिकेतील सर्वात मोठी रिफायनरी सुरू झाली. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध काय आणि त्याची झळ थेट वाळूजच्या कारखान्यापर्यंत कशी पोहोचली, याचा आढावा.

तेल असूनही पेट्रोल आयात का?

नायजेरियात १९५६ मध्ये नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील ओलोईबिरी येथे तेल सापडले. १९५८ पासून निर्यात सुरू झाली आणि १९७१ मध्ये देश ‘ओपेक’चा सदस्य झाला. आज तेल आणि वायूतून देशाच्या निर्यात उत्पन्नाचा बहुतांश भाग येतो.

पण जमिनीतून निघते ते कच्चे तेल. गाडीत भरण्यासाठी ते शुद्ध करावे लागते. पोर्ट हारकोर्ट, वारी आणि कडुना येथील सरकारी रिफायनऱ्यांची एकत्रित क्षमता कागदावर दररोज ४ लाख ४५ हजार बॅरल आहे (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर). देखभालीअभावी आणि गैरव्यवहारांमुळे या रिफायनऱ्या वर्षानुवर्षे जवळपास बंदच राहिल्या. त्यामुळे कच्चे तेल डॉलरमध्ये विकायचे, त्याच डॉलरमधून पेट्रोल विकत आणायचे आणि ते देशात तोट्यात विकायचे, असा उलटा व्यवहार सुरू होता.

अनुदानाचा बोजा किती होता?

नायजेरियात १९७० च्या दशकापासून पेट्रोल स्वस्तात मिळत होते. आयातीचा खर्च आणि पंपावरील दर यांतील फरक सरकार भरत असे. २०२२ मध्ये हा बोजा ४ लाख कोटी नायरांच्या पुढे गेला. तेव्हाच्या अधिकृत दराने ही रक्कम सुमारे १० अब्ज डॉलर होते. स्वस्त पेट्रोलची शेजारच्या देशांत तस्करीही होत असे, म्हणजे नायजेरियाच्या तिजोरीतून सीमेपलीकडच्या वाहनांनाही अनुदान मिळत होते.

तरीही अनुदानाला हात लावणे सोपे नव्हते. जानेवारी २०१२ मध्ये तत्कालीन अध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी एका रात्रीत अनुदान काढले. पेट्रोल ६५ नायरांवरून १४० नायरांच्या वर गेले, देशभर लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला काही दिवसांत दर पुन्हा कमी करावे लागले. सामान्य नायजेरियन माणसाचे म्हणणे सरळ होते : वीज नाही, रस्ते नाहीत, दवाखाने नाहीत, सरकारकडून मिळणारी एकच गोष्ट म्हणजे स्वस्त पेट्रोल, तेही काढून घेणार का?

एका डॉलरचे इतके दर कसे?

नायरा १ जानेवारी १९७३ रोजी चलनात आला. १९८० च्या सुरुवातीला एका डॉलरसाठी एक नायराही मोजावा लागत नव्हता. तेलाच्या पैशामुळे चलन महाग राहिले, आयात स्वस्त झाली आणि भुईमूग, कोको, पामतेल ही एकेकाळची निर्यातीची पिके मागे पडली. तेलाचे भाव कोसळले की डॉलरचा ओघ आटायचा आणि नायराही घसरायचा.

ही घसरण रोखण्यासाठी मध्यवर्ती बँकेने अधिकृत दर कृत्रिमरीत्या धरून ठेवला. २०२३ च्या मध्याला अधिकृत दर होता डॉलरला सुमारे ४६० ते ४७० नायरा, तर खुल्या बाजारात तोच डॉलर ७५० नायरांच्या आसपास विकला जात होता. ज्याची ओळख आहे त्याने बँकेकडून ४६० ला डॉलर घ्यायचा आणि बाहेर ७४० ला विकायचा, म्हणजे काहीही न करता ६० टक्के नफा! ज्याची ओळख नाही तो कारखानदार किंवा औषध आयातदार रांगेतच. परदेशी विमान कंपन्यांनी नायजेरियात तिकिटे विकली, पण ते पैसे डॉलरमध्ये बाहेर नेता येईनात. अखेर एमिरेट्सने २०२२ मध्ये नायजेरियाची विमानसेवा बंद केली. ती पुन्हा सुरू झाली ऑक्टोबर २०२४ मध्ये.

नायजेरियातही नोटाबंदी झाली होती?

हो, एका अर्थाने. ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेचे तत्कालीन गव्हर्नर गॉडविन एमेफिएले यांनी २००, ५०० आणि १००० नायराच्या नोटा नव्या रूपात आणण्याची घोषणा केली. जुन्या नोटांसाठी ३१ जानेवारी २०२३ ही मुदत होती, ती १० फेब्रुवारीपर्यंत वाढवण्यात आली. नव्या नोटा मात्र पुरेशा छापल्याच गेल्या नाहीत. ऐन निवडणुकीच्या तोंडावर एटीएमसमोर रांगा लागल्या आणि रोखीवर चालणारा छोटा व्यापार ठप्प झाला. २०१६ च्या नोटाबंदीत भारतीयांनी जे अनुभवले त्याची आठवण करून देणारे हे चित्र होते. फरक इतकाच, की नायजेरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०२३ रोजी जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत वैध ठरवल्या आणि नंतर ही मुदत बेमुदत वाढवली.

त्याआधी ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘ई-नायरा’ हे डिजिटल चलनही आणले गेले होते, पण लोकांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. नोटांचे रूप किंवा माध्यम बदलून चलनाची किंमत सावरत नाही, हा या दोन्ही प्रयोगांचा धडा.

मे-जून २०२३ मध्ये नेमके काय झाले?

बोला टिनुबू यांनी २९ मे २०२३ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली आणि त्याच भाषणात इंधन अनुदान संपल्याचे जाहीर केले. काही दिवसांतच पंपावरील दर १९० नायरांच्या आसपासून ५०० नायरांच्या घरात गेला, जुलैमध्ये ६१७ नायरांवर पोहोचला. ९ जून रोजी एमेफिएले यांना निलंबित करण्यात आले. १४ जून रोजी मध्यवर्ती बँकेने वेगवेगळ्या दरांच्या खिडक्या एकत्र केल्या आणि दर बाजाराने ठरवावा, असे सांगितले. नायरा लगेच घसरला. फेब्रुवारी २०२४ पर्यंत डॉलरचा दर १,५०० नायरांच्या पुढे गेला होता.

इथेच दोन सुधारणा एकमेकींना धडकल्या. समजा, आयात केलेले एक लिटर पेट्रोल बंदरात ७० सेंटला पडते. डॉलर ४७० नायरा असताना त्याचा खर्च होतो ३२९ नायरा. डॉलर १,५०० झाला की तेच पेट्रोल १,०५० नायरांना पडते. जागतिक बाजारात तेलाचा भाव एका पैशाने वाढला नाही तरीही! पंपावर दर मात्र बराच काळ ६०० च्या घरात धरून ठेवला गेला. म्हणजे दाराने बाहेर काढलेले अनुदान खिडकीतून आत आले. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी तेल कंपनीने दर पुन्हा वाढवले, तेव्हा राजधानी अबुजात पेट्रोल १,००० नायरांच्या वर गेले.

सामान्यांना किती झळ बसली?

साधे गणित पाहू. पूर्वी किमान वेतन महिन्याला ३० हजार नायरा होते. १९० नायरा दराने त्यात सुमारे १५८ लिटर पेट्रोल येत असे. जुलै २०२४ मध्ये किमान वेतन ७० हजार नायरा झाले, म्हणजे दुपटीहून अधिक. पण १,००० नायरा दराने त्यात ७० लिटरच पेट्रोल येते. पगार वाढूनही माणूस गरीब झाला, तो असा.

पेट्रोल हा तेथे केवळ वाहनाचा प्रश्न नाही. २० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात ग्रीडमधून मिळणारी वीज साधारण ४ ते ५ हजार मेगावॉट असते. तुलनेसाठी, एकट्या महाराष्ट्राची उन्हाळ्यातील कमाल मागणी २५ हजार मेगावॉटच्या पुढे जाते. त्यात २०२४ मध्ये ग्रीड अनेकदा कोसळले. त्यामुळे सलून, पिठाची गिरणी, शीतगृह, दवाखाना सगळे पेट्रोल किंवा डिझेलच्या जनरेटरवर चालते. पेट्रोल महागले की वीज महागते आणि विजेबरोबर सगळेच. डिसेंबर २०२४ मध्ये महागाईचा दर ३४.८ टक्क्यांवर गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये उपासमार आणि महागाईविरोधात देशभर आंदोलने झाली, त्यात काहींचा जीवही गेला.

डांगोटे रिफायनरीने काय बदलले?

उद्योगपती अलिको डांगोटे यांची लेक्की येथील रिफायनरी सुमारे २० अब्ज डॉलर खर्चून उभी राहिली. तिची क्षमता दररोज ६ लाख ५० हजार बॅरल, म्हणजे १० कोटी लिटरहून अधिक कच्चे तेल शुद्ध करण्याची आहे. मे २०२३ मध्ये उद्घाटन, जानेवारी २०२४ मध्ये डिझेल आणि विमान इंधन, तर सप्टेंबर २०२४ मध्ये पेट्रोल, अशा टप्प्यांनी उत्पादन सुरू झाले. या प्रकल्पाच्या अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे काम भारताच्या सार्वजनिक क्षेत्रातील इंजिनीअर्स इंडिया लिमिटेडकडे होते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून सरकारने या रिफायनरीला कच्चे तेल नायरात विकण्यास सुरुवात केली. कल्पना अशी, की रिफायनरीला तेलासाठी डॉलर शोधावे लागणार नाहीत, देशाला पेट्रोल आयातीसाठी डॉलर लागणार नाहीत, परिणामी नायरावरील ताण कमी होईल. पण यात दोन अडचणी आहेत. पहिली, तेलाची किंमत जागतिक बाजारानुसारच ठरते. फक्त पैसे नायरात दिले जातात. त्यामुळे नायरा घसरला तर पेट्रोल महागणारच. दुसरी, सरकारी कंपनीने भविष्यातील उत्पादनाच्या बदल्यात आधीच कर्जे उचलली आहेत. ते तेल डॉलरमध्येच फेडावे लागते. मार्च २०२५ मध्ये या कराराची पहिली मुदत संपत आली तेव्हा रिफायनरीने नायरातील पेट्रोल विक्री काही काळ थांबवली. एप्रिलमध्ये सरकारने व्यवस्था पुढे सुरू ठेवली. देशातून पुरेसे तेल न मिळाल्याने या रिफायनरीने अमेरिकेतूनही कच्चे तेल आणले, हे विशेष.

तरीही आयातदारांना स्पर्धक मिळाला. २०२५ मध्ये डांगोटेने पेट्रोलचे घाऊक दर अनेकदा कमी केले. धोका आहे तो एकाधिकाराचा. सरकारी रिफायनऱ्यांपैकी पोर्ट हारकोर्टची रिफायनरी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये पुन्हा बंद पडली. देशाचे पेट्रोल एकाच कंपनीच्या हाती जाणार का, हा प्रश्न तेथे आता उघडपणे विचारला जातो.

वीज आणि वायूचे काय?

आफ्रिकेतील सर्वात मोठे नैसर्गिक वायूचे साठे नायजेरियाकडे आहेत. तरी त्यातील काही वायू आजही विहिरींवरच जाळून टाकला जातो, कारण तो वाहून नेण्यासाठी पुरेशा वाहिन्या नाहीत. अजाओकुटा-कडुना-कानो ही ६१४ किलोमीटरची वाहिनी याच कारणासाठी बांधली जात आहे. तिच्यामुळे उत्तरेकडील कारखाने आणि वीज केंद्रांना वायू मिळू शकेल. पेट्रोलवरील वाहने सीएनजीवर आणण्याची योजनाही सुरू आहे.

जून २०२३ च्या वीज कायद्याने राज्यांना स्वतःचा वीज बाजार उभारण्याची मुभा दिली. एप्रिल २०२४ मध्ये दिवसाला किमान २० तास वीज मिळणाऱ्या ग्राहकांचा दर युनिटला सुमारे ६८ नायरांवरून २२५ नायरांवर नेला गेला. वीज कंपन्यांना पैसे मिळाले तरच त्या वायूचे बिल भरतील आणि बिल मिळाले तरच वायू कंपन्या पुरवठा करतील, अशी ही साखळी आहे. ती अजूनही अनेक ठिकाणी तुटलेली आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

लागोस, कानोच्या रस्त्यांवर धावणारी पिवळी तीनचाकी, तिला तेथे ‘केके’ म्हणतात, ती अनेकदा बजाजची असते. बॉक्सर मोटारसायकलही तेथे प्रवासी वाहन म्हणून चालते. पुण्याच्या बजाज ऑटोसाठी नायजेरिया अनेक वर्षे सर्वात मोठ्या निर्यात बाजारपेठांपैकी एक राहिला आहे. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज प्रकल्पातून तीनचाकी आणि निर्यातीच्या दुचाकी बाहेर पडतात. नायरा कोसळल्यावर हीच वाहने स्थानिक ग्राहकाला कित्येक पटींनी महाग पडू लागली आणि विक्री झपाट्याने घटली. कंपनीच्या तिमाही निकालांत नायजेरियाचा उल्लेख वारंवार आला, तो यामुळेच.

सुधारणा यशस्वी ठरल्या का?

आकडे संमिश्र आहेत. नव्या गव्हर्नर ओलायेमी कार्डोसो यांच्या काळात व्याजदर नोव्हेंबर २०२४ पर्यंत २७.५ टक्क्यांवर नेण्यात आला. अधिकृत आणि खुल्या बाजारातील दरांमधील दरी बरीच मिटली आणि २०२५ मध्ये नायरा १,५०० च्या आसपास स्थिरावला. सप्टेंबर २०२५ मध्ये व्याजदर २७ टक्क्यांवर आणण्यात आला. २०२५ च्या अखेरीस महागाईचा दर २० टक्क्यांच्या खाली आला. मात्र यातील काही घट निर्देशांकाचे आधारवर्ष बदलल्यामुळेही दिसते. शिवाय महागाईचा दर कमी होणे म्हणजे भाव उतरणे नव्हे. ते फक्त आधीपेक्षा हळू वाढत आहेत.

अनुदान बंद केल्यावर केंद्र आणि राज्य सरकारांच्या तिजोरीत जाणारा पैसा वाढला. गरीब कुटुंबांना रोख मदत देण्याची घोषणाही झाली, पण ती उशिरा आणि अपुरी पोहोचली. भारताने पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त केले, तेव्हा डिझेलचे दर आधी दीड-दोन वर्षे महिन्याला थोडे थोडे वाढवत नेले होते. नायजेरियाने तोच घाव एका झटक्यात घातला आणि चलनाचा दुसरा घाव दोन आठवड्यांत.

पुढे कशावर लक्ष ठेवायचे? कच्च्या तेलाचे उत्पादन आणि चोरी, नायरातील तेल पुरवठ्याचा करार, वायूवाहिनीचे काम आणि २०२७ ची निवडणूक. निवडणुकीच्या तोंडावर दर पुन्हा धरून ठेवण्याचा मोह प्रत्येक सरकारला होतो. तो टाळला गेला, तरच गेल्या तीन वर्षांत लोकांनी सोसलेल्या महागाईचा काही उपयोग झाला, असे म्हणता येईल.