फाईलीत १ लिहिला आणि दिवा लागला

नवरात्रात सप्तशृंगी गडाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची वणीत रीघ लागते आणि दुकानांवर रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या माळा चढतात. माळेला एक छोटी डबी असते. तिचे बटण दाबले की दिव्यांची चाल बदलते. हल्लीच्या कित्येक लॅपटॉपमध्ये कळांखाली असेच शोभेचे रंगीत दिवे असतात. त्यांची डबी कुठे असते? वणीतल्या काही शिक्षकांबरोबर आणि अकरावीच्या मुलांबरोबर बसून आम्ही ती शोधली.

आमच्याकडचा लॅपटॉप जुना, शोभेचे दिवे नसलेला होता. पण कॅप्स लॉकचा इवलासा दिवा होता, आणि तेवढ्याने काम भागते. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. तिच्यात ‘सिस’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘क्लास’, त्यात ‘लेड्स’ अशी उतरंड आहे. (टंकताना अर्थातच इंग्रजी अक्षरे.) तिथे प्रत्येक दिव्याचे एकेक फोल्डर असते आणि त्यात ‘ब्राइटनेस’ नावाची फाईल. आमच्या फाईलीत ० होता. तिथे १ लिहू गेलो, तर परवानगी नाही असा शेरा आला. यंत्राच्या व्यवस्थापकाचे, म्हणजे ‘रूट’चे अधिकार घेऊन पुन्हा लिहिले आणि दिवा लागला.

एका विद्यार्थिनीने लगेच विचारले, “फाईल म्हणजे साठवलेला मजकूर ना? मग त्यात लिहिल्यावर दिवा कसा लागेल?”

प्रश्न नेमका आहे. ही फाईल म्हणजे कपाटातली वही नव्हे, कचेरीची खिडकी आहे. आपण चिठ्ठी आत सरकवतो. आतला कारकून, म्हणजे त्या दिव्याचा ‘ड्रायव्हर’ हा प्रोग्राम, ती वाचून दिव्याला हुकूम देतो. चिठ्ठी डिस्कवर कुठेच ठेवली जात नाही. फाईल वाचली की ड्रायव्हर त्या क्षणी उत्तर तयार करून देतो. म्हणून आत एकच आकडा असला तरी फाईलीचा आकार ४०९६ बाइट असा ठोकळ दिसतो. यंत्र बंद केले की या फाईली नाहीशा होतात आणि सुरू करताना पुन्हा नव्याने मांडल्या जातात. उपकरणांनाही फाईलीसारखे वागवायचे ही कल्पना १९७० च्या दशकातल्या युनिक्सची. लिनक्समध्ये ‘सिस’ची ही मांडणी २००३ च्या अखेरीस आली, दिव्यांचा विभाग २००६ मध्ये.

खरी गंमत पुढे आहे. दिवा लागलेला असताना आम्ही अक्षरे टंकली, तर ती लहानच उमटली! म्हणजे कॅप्स लॉक चालू नव्हताच. कळफलक फक्त ‘अमुक कळ दाबली’ एवढे कळवतो. मोठी लिपी सुरू करायची हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते आणि मग दिव्याला वेगळा हुकूम पाठवते. आम्ही तो हुकूम परभारे दिला होता.

शेजारीच ‘ट्रिगर’ नावाची फाईल असते. दिवा कोणाच्या इशाऱ्यावर चालेल त्याची यादी तिच्यात दिसते आणि चालू असलेले नाव चौकटी कंसात असते. तिथे ‘हार्टबीट’ लिहिले की दिवा हृदयाच्या ठोक्यासारखा दोनदा लुकलुकून थांबतो. यंत्रावरचा कामाचा भार वाढला की ठोके जलद होतात. मुलांनी भार वाढवण्यासाठी काय काय उघडून ठेवले ते सांगत नाही.

रंगीत दिव्यांसाठी २०२० पासून ‘मल्टी_इंटेन्सिटी’ ही फाईल आहे. लाल, हिरवा, निळा अशा क्रमाने २५५, १००, ० लिहिले की साधारण शेंदरी रंग मिळतो. क्रम मात्र आधी ‘मल्टी_इंडेक्स’मध्ये वाचून घ्यावा. सगळेच लॅपटॉप ही सोय देत नाहीत. ड्रायव्हर नसेल तर खिडकीच नसते, आणि मग दिव्यांच्या चिपला आडवाटेने हुकूम देण्याच्या फंदात शाळेच्या यंत्रावर तरी पडू नये.

शोभेचा दिवा फसवा निघाला तर बिघडत नाही. थिंकपॅडच्या झाकणावरचा लाल ठिपका असा खुशाल लुकलुकवावा. पण त्याच लॅपटॉपवरचे काही दिवे यंत्राच्या अवस्थेची महत्त्वाची सूचना देतात, म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर सहसा त्यांना हात लावू देत नाही. कॅमेऱ्याच्या दिव्याचे काय? २०१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी २००८ पूर्वीच्या काही मॅकबुकांमध्ये कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम बदलला. कॅमेरा चालू राहिला, दिवा लागला नाही. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एका सरांनी कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. आम्हाला ते योग्यच वाटले.

प्रयोग झाल्यावर ‘ट्रिगर’मध्ये आधी कंसात असलेले नाव पुन्हा लिहावे. विसरलात तर यंत्र बंद करून सुरू करावे.