सॉफ्टवेअरचं मराठीकरण : एआय असिस्टंटला नेमकं कोणतं काम सांगावं?

आजचा विषय ऐकायला रुक्ष वाटेल, पण तो आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे. फोनवर किंवा संगणकावर जे मराठी दिसतं, ते कुणीतरी एकेक ओळ करून बसवलेलं असतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हे काम बरेचदा स्वयंसेवक करतात, नोकरी-धंदा सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर.

आता त्यांच्या हाताशी एआय कोडिंग असिस्टंट आले आहेत. नुसतं प्रश्नोत्तरं करणारे चॅट नव्हेत. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये शिरून फाइली वाचणारे, बदलणारे, आज्ञा चालवणारे प्रोग्रॅम. साहजिकच पहिला विचार मनात येतो तो असा, की दोन हजार ओळी पडल्या आहेत तर यालाच सांगावं, ‘सगळं मराठी कर’. तो करतोही, चहा संपायच्या आत. पण आमचं म्हणणं असं आहे, की त्याच्याकडून करून घेण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हे नव्हेच. ते कोणतं, हे समजायला आधी भाषांतराची फाइल कशी असते ते बघू.

उदाहरणादाखल जीएनयू गेटटेक्स्ट घेऊ. १९९५ पासूनची ही पद्धत आजही असंख्य प्रकल्पांत चालते. कोडमध्ये पडद्यावर दिसणारी जी जी वाक्यं असतात, ती एका प्रोग्रॅमने वेचून काढली जातात आणि पीओ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत येतात. प्रत्येक नोंदीत मूळ इंग्रजी, खाली मराठीसाठी जागा, आणि वर टिपा. त्या टिपांमध्ये ही ओळ कोडच्या कोणत्या फाइलीत, कितव्या ओळीवर आहे याचा पत्ताही असतो. भाषांतर करणाऱ्याला मात्र त्या पत्त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तो बहुधा प्रोग्रॅमर नसतो. त्याच्यासमोर फक्त एक शब्द असतो : ‘ओपन’.

आता या ‘ओपन’चं करायचं काय? बटण असेल तर ‘उघडा’. पण तक्रारींची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर असेल आणि हा शब्द तक्रारीच्या स्थितीचा असेल, तर ‘तक्रार क्रमांक अमुक : उघडा’ असं छापून येतं. वाचणारा तिथे बोट दाबत बसतो. खरं तर त्या जागी ‘प्रलंबित’ हवं होतं. भाषांतर करणाऱ्याला मराठी येत नाही म्हणून हे झालेलं नाही. शब्द कुठे दिसणार हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

आणि हे सांगण्याचं काम असिस्टंट फार चांगलं करतो, कारण तो कोड वाचू शकतो. त्याला असं सांगा : ‘भाषांतर करू नकोस. प्रत्येक ओळीचा वापर कोडमध्ये शोध आणि ती बटण आहे, शीर्षक आहे, स्थिती आहे की चुकीचा संदेश, ते एका वाक्यात मराठीत टिपेत लिही.’ वर्षानुवर्षं भाषांतरकार जे डेव्हलपरांकडे मागत होते आणि मिळत नव्हतं, ते इथे तासाभरात मिळतं. शिवाय एकच इंग्रजी शब्द दोन अर्थांनी आला असेल, तर गेटटेक्स्टमध्ये संदर्भाची वेगळी ओळ जोडून त्याच्या दोन नोंदी करता येतात. अशा जागा शोधून द्यायलाही त्यालाच सांगावं.

याहून धोक्याचं उदाहरण बघा. ऑर्डर रद्द करायची का, असं विचारणारी चौकट. खाली दोन बटणं : ‘कॅन्सल ऑर्डर’ आणि ‘कॅन्सल’. इंग्रजीतच हा घोळ आहे, पण ओळी सुट्या-सुट्या भाषांतरित केल्या की मराठीत ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणं शेजारी-शेजारी उभी राहतात. ज्याला ऑर्डर ठेवायची आहे त्याने काय दाबायचं? दोन्ही भाषांतरं कोशाप्रमाणे बरोबर आहेत, म्हणून तपासणारा त्यावर बोट ठेवत नाही. दोन्ही ओळी एकाच चौकटीत आहेत हे कोड वाचणाऱ्यालाच कळतं. ते कळलं, की दुसऱ्या बटणावर ‘नको, राहू द्या’ लिहायचं माणसाला सुचतं.

तसंच रिकाम्या जागांचं. कोडमध्ये ‘टक्का एस’ अशी खूण असते, तिच्या जागी चालू वेळी एखादा शब्द येऊन बसतो. इंग्रजीत ‘अमुक डिलीटेड’ म्हटलं की झालं. मराठीत फोटो काढून टाकला, फाइल काढून टाकली, पत्र काढून टाकलं. क्रियापदाला लिंग माहीत असावं लागतं. आणि विभक्तीचं तर विचारूच नका. ‘टक्का एस ला’ असं भाषांतर केलं तर नाशिकला ठीक जमतं. पुणे आलं की ‘पुणे ला’ आणि सातारा आलं की ‘सातारा ला’. आपण पुण्याला जातो, साताऱ्याला जातो. सामान्यरूप जुन्या एसटीच्या पाटीलाही कळतं, सॉफ्टवेअरला कळत नाही. इथे असिस्टंटला विचारायचं, की या जागी कोडमधून कोणकोणते शब्द येऊ शकतात? तीनच येत असतील तर मूळ कोडमध्ये तीन वेगळी वाक्यं करून घ्यावीत, आणि तो बदल तोच सुचवू शकतो. काहीही येऊ शकत असेल, तर ‘ठिकाण : पुणे’ अशी रचना करून विभक्ती टाळावी.

आता फझीबद्दल. मूळ इंग्रजी वाक्य बदललं, की गेटटेक्स्ट जुनं मराठी भाषांतर फेकून देत नाही. जवळचं वाटलं तर ते नव्या वाक्याला चिकटवतं आणि त्यावर ‘फझी’ अशी खूण करतं. अर्थ असा : हे माणसाने बघून घ्यावं. फझी नोंद नेहमीच्या पद्धतीने बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जातच नाही. तिथे मूळ इंग्रजी दिसतं. आता समजा जुनं वाक्य होतं ‘फाइल सेव्ह झाली’ आणि नवं आलं ‘फाइल सेव्ह झाली नाही’. दोन्हींत फरक एका शब्दाचा, म्हणून जुनं मराठी नव्याला चिकटलं. आणि तुम्ही असिस्टंटला म्हणालात, ‘फझींची संख्या शून्यावर आण’. त्यातला सोपा मार्ग कोणता? खुणा पुसायच्या. आकडा हिरवा होतो, शंभर टक्के पूर्ण! आणि रात्री उशिरापर्यंत अर्ज भरणाऱ्या बाईंना पडद्यावर दिसतं, ‘फाइल जतन झाली’. झालेली नसते.

म्हणून आमचा नियम उलटा आहे. यंत्राने लिहिलेली प्रत्येक ओळ फझी म्हणूनच फाइलीत जाईल, आणि ती खूण काढण्याचा अधिकार फक्त माणसाचा. न तपासलेलं मराठी लोकांपर्यंत पोहोचूच नये यासाठी वेगळी यंत्रणा उभारायला नको, ती फाइलीच्या रचनेतच तयार आहे. हा नियम प्रकल्पात असिस्टंटसाठी जी सूचनांची फाइल ठेवतात, तिच्यात पहिल्याच ओळीत लिहावा.

त्याच फाइलीसोबत शब्दसूची हवी. ‘सेव्ह’ला जतन करा, साठवा की सेव्हच ठेवायचं, हे एकदा ठरवायचं आणि मग वाद बंद. भारतीय भाषांसाठी ‘फ्यूएल’ या प्रकल्पाने २००८ पासून अशा नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या याद्या करायचं काम हाती घेतलं, तेव्हा एआयचा मागमूसही नव्हता. गरज जुनीच आहे. सूची नसेल तर असिस्टंट सकाळी ‘जतन’ लिहितो आणि दुपारी ‘साठवा’. त्यात आणखी एक खोड : मराठी लिहिता-लिहिता हिंदीकडे घसरणं. ‘हटाएं’ आलं तर लगेच दिसतं. पण मजकुरातल्या दुरुस्तीसाठी ‘संशोधन’ आलं तर? हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे शोधकार्य. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. शिक्षण खात्याच्या ॲपवर ‘शिक्षा’ असं बटण आलं तर पोरं हसतील, पालक घाबरतील. शब्दलेखन-तपासनीस यात काही करू शकत नाही, कारण हे शब्द मराठीच आहेत. अशा शब्दांची वेगळी यादी करून ती रोज तपासायला लावावी.

तपासणीबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. असिस्टंटला ‘सगळं नीट आहे ना?’ असं विचारू नये; तो हो म्हणतो. त्याच्याकडून तपासणीचा प्रोग्रॅम लिहून घ्यावा, आणि निकाल प्रोग्रॅमचा मानावा. ‘टक्का एस’च्या खुणा दोन्हीकडे जुळतात का, हे गेटटेक्स्टची स्वतःची तपासणी सांगतेच. बाकी शब्दसूचीतला शब्द वापरलाय का, एकाच चौकटीतली दोन बटणं सारखी झालीत का, हे वीस-तीस ओळींच्या प्रोग्रॅमने होतं.

तो लिहिलेला प्रोग्रॅमही एकदा वाचा मात्र. ‘न दिसणारी चिन्हं काढून टाक’ अशी सफाईची ओळ त्यात असू शकते. आपला ‘दऱ्या’मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहितात : एक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरी साध्या र नंतर जोडणारं एक अदृश्य चिन्ह घालून. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या मजकुरावर ही सफाई चालली, की डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. आचाऱ्याला द्यायचे पैसे आचार्याला जातात. इंग्रजीत निरुपद्रवी असलेली सफाई इथे अर्थ बदलते.

अंकांचंही असंच. सीएलडीआर या जागतिक माहितीसाठ्यात मराठीचे मूळ अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी. त्यामुळे भाषा मराठी केली की ‘१२’ दिसू लागतं, आणि तोच आकडा जावास्क्रिप्टने परत संख्या म्हणून वाचायला घेतला की त्याला तो संख्याच वाटत नाही. पायथन मात्र बिनतक्रार बारा वाचतो. आकडे भरायचे रकाने असतील तिथे हे आधी तपासा.

मघाशी मागून एक प्रश्न आला, की गटात दोनच माणसं असतील तर एवढं बघणार कोण? दोन हजार ओळी एकदम बघू नयेत. असिस्टंटला सांगावं, की ज्या ओळी काही पुसतात, पैसे पाठवतात, रद्द करतात किंवा काम झालं-न झालं हे सांगतात, त्या आधी वेगळ्या काढ. त्या चाळीस-चाळीसच्या गठ्ठ्याने घ्याव्यात, टिपेसकट, आणि शेवटी फोनवर प्रत्यक्ष पडदा उघडून. एकाने मराठी करायचं, दुसऱ्याने फझी काढायची. स्वतःच्या ओळीची फझी स्वतः काढायची नाही. उरलेल्या नोंदी इंग्रजीत दिसत राहतील, पुढच्या महिन्यात त्यांची पाळी.