हेलियम नेमका कुठे सापडला?

पेडण्यातल्या हळर्णचा किल्ला पाहून उत्तरेची वाट धरलेला दुर्गप्रेमी पुढे कधीतरी विजयदुर्गला पोचतोच. तिथले ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना हमखास सांगितले जाते, की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी याच जागेवरून हेलियम शोधला. त्या तारखेला गडावर हेलियम दिनही साजरा होतो. नोंदी मात्र वेगळे सांगतात.

त्या ग्रहणाची छाया कोकणातून मछलीपट्टणपर्यंत गेली. ऐन पावसाळ्यात कोकण किनारा वेधासाठी गैरसोयीचा, म्हणून निरीक्षक किनाऱ्यापासून आत आणि पूर्वेकडे थांबले. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते, गुंटूरला पिएर जान्सेन आणि मेजर टेनंट, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांजवळ होती, पण तंतोतंत जुळत नव्हती.

लॉकयर तेव्हा इंग्लंडात होते. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनी ग्रहणाविनाच या ज्वालांचा वर्णपट मिळवला. गुंटूरला जान्सेन यांनी हे ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी साधले होते. पिवळी रेषा अज्ञात मूलद्रव्याची असावी, असे लॉकयर यांनी मांडले. १८९५मध्ये विल्यम रॅम्झी यांना तोच वायू, म्हणजे हेलियम, युरेनियमच्या खनिजात मिळाला आणि लॉकयर यांचे म्हणणे खरे ठरले.

लॉकयर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांनी त्यांना वेध घ्यायला मदत केली. त्याच दिवशी पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला वेध घेतले.

ती पिवळी रेषा वर्णगोलातली, म्हणजे सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरच्या पातळ थरातली. सूर्य हेलियम बनवतो तो खोल गाभ्यात, दीड कोटी अंश तापमानात. तिथे दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि ४० लाख टनांहून अधिक वस्तुमानाची ऊर्जा बनते. भोवतीच्या दाट प्रारणविभागातून बाहेर पडायला तिला हजारो वर्षे लागतात. त्यापुढे तप्त वायू वर चढतो, निवून खाली उतरतो. पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, तर बाहेरचे प्रभामंडल दहा लाखांहून अधिक. गाभ्यातला हेलियम वर येत नाही. त्यामुळे १८६८मध्ये दिसलेला हेलियम सूर्याला जन्मतःच मिळालेला होता आणि त्यातला बहुतेक विश्वाच्या आरंभीच्या काही मिनिटांत घडलेला होता.

सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे. आणखी ५०० कोटी वर्षांनी गाभ्यातला हायड्रोजन संपेल, सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, हेलियमपासून कार्बन आणि ऑक्सिजन बनतील. शेवटी पृथ्वीएवढा श्वेतबटू उरेल. सूर्याच्या आठपटींहून जड तारे लोखंडापर्यंत मजल मारतात आणि अतिनवतारा होऊन फुटतात. मागे न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर राहते. डिचोलीच्या खाणींतले लोखंड ताऱ्यांच्या स्फोटांतून विखुरलेले आहे.

हेलियमच्या शोधाचा इतिहास असा असल्याने पेडणे-डिचोलीच्या शिक्षकांना विनंती आहे. मुलांना विजयदुर्गला जरूर न्या आणि ओट्यांपाशी १८९८ हे साल सांगा. १८६८च्या श्रेयात गुंटूर, जमखंडी आणि मछलीपट्टण यांनाही त्यांचा वाटा द्या. खरा इतिहास सांगितल्याने विजयदुर्गचा मान तसूभरही कमी होत नाही.